सतरा नंबरची चौथी नळी

खांबेटे सरांना त्या सफरीतून काय मिळणार होतं, ते जहाजावरच्या स्वयंपाक्यालासुद्धा पाठ होतं. एक तर आमच्या संस्थेच्या संचालकाची खुर्ची, जी जानेवारीत रिकामी होणार होती. दुसरं म्हणजे दिल्लीतल्या एका समितीवरची जागा, जिच्या बैठका बहुतेक परदेशात भरायच्या. आणि सौ. खांबेट्यांना टेकडीवरचा बंगला. त्याच्या पडद्यांची मापं बाईंनी आधीच घेऊन ठेवली होती म्हणे. हे सगळं एका वाक्यावर अडलं होतं. केबल टाकायच्या मार्गावरचा समुद्रतळाचा उतार स्थिर आहे, असं सहीनिशी लिहून द्यायचं होतं. नोव्हेंबर संपायच्या आत.

"वसुधा, उतार कसा आहे?" सर रोज नाश्त्याला विचारायचे.

"अजून चिखलच बघतेय, सर."

"चिखल शांत आहे ना?"

"चिखल बोलत नाही, सर."

"मग शांतच म्हणायचा," असं म्हणून ते पाव अंड्यात बुडवायचे.

हे शहाण्णव सालचं. मी सव्वीस वर्षांची, पीएच.डी.साठी सरांच्याच हाताखाली नाव नोंदवलेली, आणि जहाजावरची एकुलती एक बाई. माझं काम सूक्ष्मदर्शकाशी. समुद्राच्या तळाशी चिखलात वाळूच्या कणाएवढ्या शंखल्या साचतात. कुठल्या जातीची शंखली कुठे सापडते, त्यावरून तो चिखल किती जुना ते कळतं. तो चिखल वर आणायचं काम मोरेश्वर कुबलचं.

कुबल मालवणकडचा, चाळिशी ओलांडलेला, दोरखंडासारखा पिळदार माणूस. लोखंडी पाइपाच्या आत प्लॅस्टिकची लांब नळी, डोक्यावर पाऊण टन वजन, असलं धूड तो विंच नावाच्या यंत्राच्या तारेवरून अडीच किलोमीटर खोल सोडायचा. ते तळात घुसायचं आणि पाच मीटर चिखल पोटात घेऊन वर यायचं. मग डेकवर नळीचे मीटर-मीटरचे तुकडे करायचे, म्हणजे पाच नळ्या. प्रत्येक नळीच्या वरच्या टोकाला लाल टोपण, खालच्याला काळं. वरच्या टोकाला कुबल 'डोकं' म्हणायचा आणि खालच्याला 'पाय'. टोपण बसवताना मोठ्याने "डोकं" म्हणायचं, जोडीदार इनासनेही "डोकं" म्हणायचं, मगच टोपण दाबायचं. हा नियम कुठल्या पुस्तकात नव्हता. कुबलचा होता.

"बारशासारखं काय चालवलंय?" मी एकदा चेष्टेने विचारलं.

"मॅडम, तुम्ही लोक एका चिखलावरून लाख वर्षांच्या गप्पा मारता," तो म्हणाला. "डोकं कुठे नि पाय कुठे तेवढं तरी खरं असायला नको?"

त्याला चौदा वर्षं झाली होती रोजंदारीवर. दर सफरीला नव्याने नाव लिहायचं, सफर संपली की घरी. या खेपेला मात्र कायम करायची ऑर्डर टाइप होऊन पडली होती. सफरीचा अहवाल चांगला आला की त्यावर सही होणार होती. इनासचीही त्याच फायलीत होती. कुबल हे कुणापाशी बोलायचा नाही, पण संध्याकाळी डेकवर बसून घराच्या छपराला कौलं घालावीत की पत्रे, यावर इनासशी तासतासभर वाद घालायचा. त्यावरून ज्याला समजायचं त्याला समजायचं.

त्याची एक खोड मात्र सांगायला हवी. इनासशी तो मालवणीत बोलायचा, आमच्याशी साधं मराठी. आणि आतून तापला की त्याची भाषा एकदम शुद्ध व्हायची, शाळातपासनीस आल्यासारखी. जितका राग, तितकं व्याकरण.

सतरा नंबरच्या जागी लाल टोपणं संपली. सरांनी ठरल्यापेक्षा जास्त जागा घ्यायला लावल्या होत्या, त्यामुळे तिसऱ्या नळीपर्यंतच पुरली. चौथ्या आणि पाचव्या नळीला दोन्ही टोकांना काळी लागली. कुबलने मेणाच्या पेन्सिलीने दोन्ही नळ्यांवर डोक्याकडे टोक असलेले बाण काढले. इनासच्या ओल्या हातमोज्याने चौथ्या नळीवरचा बाण पुसटला आणि मागे राहिली नुसती रेघ. रेघेला डोकं नव्हतं नि पायही नव्हते. कुबलने तो तिथल्या तिथे पुन्हा काढला. मी हे बघितलं आणि लगेच विसरले.

दुपारी आम्ही नळ्या उभ्या चिरल्या. पाव चिरतो तशा, प्रत्येकीच्या दोन अर्ध्या फाका. एक फाक मला तपासायला, दुसरी सील करून शीतखोलीत, कायमची ठेव म्हणून.

एक गुलाबी रंगाची शंखली आहे. आपल्याकडच्या समुद्रातून ती सव्वा लाख वर्षांपूर्वी नाहीशी झाली. चिखलात ती दिसली की समजायचं, हा चिखल त्याहून जुना. पहिल्या तीन नळ्यांमध्ये गुलाबी एकही नव्हती, म्हणजे तरुण चिखल. पाचव्या नळीत होती, म्हणजे जुना. इथवर सगळं रांगेत. चौथ्या नळीत मात्र वरच्या अर्ध्यात गुलाबी शंखल्या आणि खालच्या अर्ध्यात एकही नाही. तरुण, मग जुना, मग पुन्हा तरुण, मग पुन्हा जुना. चिखल असा साचत नाही.

मी सरांना बोलावलं. त्यांनी सूक्ष्मदर्शकात डोकावलं, मग टेबलावरच्या नळीकडे बघितलं, मग टोपणांकडे.

"दोन्ही काळी?"

"लाल संपली, सर."

"हं." त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारचं समाधान पसरलं. "आता ही नळी मनातल्या मनात उलटी कर. काय होतं?"

मी केली. जुना भाग खाली गेला, तरुण वर आला, आणि सगळा हिशोब जुळला.

"दोन शक्यता," सर म्हणाले. "एक, इथे समुद्राच्या तळाचा डोंगर कोसळलाय आणि त्यातले तुकडे उलटसुलट होऊन पडलेत. दुसरी, डेकवर एका माणसाचा हात चुकलाय. विज्ञानात साधं स्पष्टीकरण आधी घ्यायचं असतं. यातलं साधं कुठलं?"

मी हसले. खोटं कशाला सांगू, मला सुटल्यासारखं वाटलं. माझ्या प्रबंधाला सरळ रांगेतला चिखल हवा होता. नोंदीच्या कागदावर शेऱ्याच्या रकान्यात मी माझ्या सुरेख अक्षरात लिहिलं: 'नळी ४ हाताळताना उलटली असावी. डेक: मो. कुबल.' सरांनी लगेच खाली सही केली.

त्या कागदावर तीन सह्या लागायच्या. मुख्य शास्त्रज्ञ, नोंद ठेवणारा आणि डेकचा प्रमुख. सकाळी कुबल नेहमीप्रमाणे सही करायला आला, पेन हातात घेतलं, आणि वाचायला थांबला. तो वाचतो हेच आम्हाला माहीत नव्हतं.

"हे हस्ताक्षर आपलंच का?" त्याने मला विचारलं.

त्या शुद्ध भाषेवरूनच मी ओळखलं.

"माझंच. पण नुसती शक्यता म्हणून लिहिलंय, कुबल. असावी, असं."

"नाव मात्र 'असावं' असं लिहिलेलं नाही. नाव पूर्ण लिहिलं आहे."

सर आले. चहाचा कप हातात, स्वर मायेचा. "काय रे, अडलं कुठे? सही कर."

"नाही."

"नाही म्हणजे?"

"सही करणार नाही. नळी उलटलेली नाही."

"अरे, तीन दिवस झोप नाही तुम्हा लोकांना. माणूस आहेस. चूक होते. मी काय फाशी देतोय?"

"चूक झाली असती तर मी स्वतः सांगितली असती. बारा नंबरला तार गुंतली, ती कोणी सांगितली? तुम्ही झोपलेले होता."

सरांनी कप खाली ठेवला. "ठीक आहे. इनासला विचारू."

इनास दारातच उभा होता. त्याने आपल्या बुटांकडे बघितलं. "सर, तेणें डोकं म्हटलं, मी डोकं म्हटलं. पण कुठल्या नळयेक म्हटलं, ता आता याद ना."

"इनास," कुबल मालवणीत म्हणाला, आणि आवाजात राग नव्हता. "तुझी ऑर्डर पण ह्याच फायलीत ना रे?"

"होय."

"मगे बरोबर आसा. याद ऱ्हवचीच नाय."

इनास निघून गेला. सरांनी दार लोटलं आणि कुबलच्या खांद्यावर हात ठेवला. मी तिथेच होते, पण सरांच्या लेखी मी खुर्ची-टेबलांतलीच एक होते.

"हे बघ. एका ओळीचा शेरा आहे. हा कागद कोण वाचणार? तू सही कर. तुझ्या कायमच्या ऑर्डरचं मी बघतो. परत गेल्या गेल्या, पहिल्या दिवशी. शब्द देतो."

"आणि सही केली नाही तर?"

"तर मग मी तरी काय करणार? अहवाल अपुरा राहिला, तर ऑर्डर कशाच्या जोरावर काढायची?"

कुबलने खांद्यावरचा हात तसाच राहू दिला. "साहेब, चौदा वर्षांत चारशेच्या वर नळ्या काढल्या. एकीचं डोकं चुकलं नाही. आज मी चुकलं म्हणून लिहून दिलं, तर त्या सगळ्यांवर संशय येईल. तुमच्या जुन्या नळ्यासुद्धा त्यात आल्या. हे आपण विचारात घेतलं आहे का?"

"कुबल, सही."

"शेरा खोडा, सही करतो. तोपर्यंत विंच बंद."

तो गेला, विंच बंद केलं, चावी खिशात टाकली आणि डेकवरच्या लोखंडी खुंट्यावर बसला. विंच चालवायचा परवाना जहाजावर त्याच्या एकट्याकडे होता. कॅप्टनने घड्याळ बघून आपल्या वहीत लिहिलं: आठ चाळीस, काम बंद. समुद्र सपाट होता, इंजिन धुमसत होतं, आणि चाळीस माणसांचं जहाज एका सहीसाठी एका जागी डुलत उभं राहिलं.

दहाच्या सुमाराला सरांनी मला पाठवलं. "तुझं ऐकेल. बाईमाणूस म्हणून तरी ऐकेल."

मी गेले. "कुबल, करून टाका ना. एक ओळ तर आहे."

"ओळ तुमची आहे. सही माझी मागताय."

भाषा थोडी सैल झाली होती. मला धीर आला. "मग मी काय करू?"

"नळी बघा."

"बघितली."

"काय बघितलं?"

"शंखल्या."

"कुठल्या? मधल्या की कडेच्या?"

"मधल्याच. कडेचा चिखल आम्ही खरवडून टाकतो. तो नळीबरोबर घासत खाली गेलेला असतो, त्यावर विश्वास ठेवायचा नसतो. पहिल्याच वर्षी शिकवतात."

तेव्हा तो हसला, त्या दिवसात पहिल्यांदा. "म्हणजे साक्षीदाराला बाहेर काढून तुम्ही खटला चालवलात."

मला कळलं नाही. त्याने बोट चहात बुडवलं आणि खुंट्याच्या गंजलेल्या माथ्यावर दोन उभ्या रेघा काढल्या. "ही नळी. वरून खाली घुसते. घुसताना कडेच्या चिखलाला ओढत नेते. मधला जागेवर राहतो. मग एकेक थर कसा दिसेल?" त्याने दोन रेघांच्या मधे एक कमान काढली. मधे उंच, दोन्ही टोकं लोंबलेली. "मिशीसारखा. प्रत्येक थराला मिशा, आणि मिशा खाली. चौदा वर्षं रिकाम्या नळ्या धुतोय, त्याआधी त्यातला चिखल डोळ्यांनी बघतोय. मला तुमच्या शंखल्या कळत नाहीत. पण मिशा कळतात. मी नळी उलटी ठेवली असेन तर चौथीच्या मिशा वर गेलेल्या असतील, एखाद्या संस्थानिकासारख्या. जा, बघून या. वर असतील तर मी आपण होऊन शेऱ्याखाली दोनदा सही करतो."

माझ्या फाकेची कड मी स्वतःच्या हाताने खरवडली होती. दुसरी फाक शीतखोलीत, सील केलेली. ती उघडायला सरांची लेखी परवानगी लागायची. मी दारापाशी उभी राहून विचार केला. परवानगी मागितली तर ती मिळणार नाही, आणि मग उघडणं म्हणजे आज्ञाभंग. न मागता उघडलं, तर तो नुसता विसराळूपणा. दीड वर्षाचं काम, मार्गदर्शक म्हणून सरांचं नाव, घरी 'मुलगी डॉक्टर होणार' म्हणून सांगत फिरणारे वडील, हे सगळं त्या सीलच्या अलीकडे होतं. मी खिशातून चाकू काढला आणि विसरले.

आधी तिसरी नळी काढली. मिशा खाली. मग पाचवी. खाली. टोपण नि बाण दोन्ही बरोबर होते. आता चौथी. बोटं गारठली होती, प्लॅस्टिक सोलायला वेळ लागला.

चौथीतले थर आडवे नव्हतेच. तिरपे होते, चांगलेच तिरपे, कपाटातली पुस्तकं एका बाजूला कलंडावीत तसे. माझ्या फाकेत शंखल्यांपलीकडे मी बघितलंच नव्हतं. आणि त्या तिरप्या थरांची दोन्ही टोकं नळीच्या भिंतीपाशी खाली वळली होती. बाणाच्या पायाकडे. एक नाही, दोन नाही, मोजल्या तेवढ्या एकोणीस मिशा, सगळ्या खाली.

नळी सुलटी होती.

मग उरली दुसरी शक्यता, सरांनी हसत हसत बाजूला सारलेली. थर तिरपे झाले ते नळी पोचायच्या आधी, तिथे खाली, अंधारात. उताराचा एक अख्खा कडा सुटला होता. तो पाण्याखाली आवाज न करता घसरला, फुटला, चिखलाची नदी झाली, आणि तिच्यातून जुन्या-तरुण चिखलाच्या लाद्या घरांएवढ्या, गावांएवढ्या, वाटेल तशा उलथत वाहत गेल्या. शाळेच्या घसरगुंडीपेक्षाही मंद उतारावरून असा लोंढा शेकडो किलोमीटर जातो. आमच्या नळीने त्यातली एक लादी टोचली होती. मी धावत पहिली नळी काढली. सगळ्यात वर, स्वच्छ, न ढवळलेला चिखल होता फक्त चार बोटं. तिथे हजार वर्षांत चिखल जेमतेम दीड बोट साचतो, म्हणजे हे होऊन अडीच-तीन हजार वर्षं. समुद्रतळाच्या मानाने काल संध्याकाळी.

जो एकदा इतक्यात घसरलाय तो पुन्हा घसरायला मोकळा होता, आणि त्याच्या अंगावरून आम्ही केबल न्यायला निघालो होतो.

मी डेकवर जाऊन कुबलला हे सगळं एका श्वासात सांगितलं.

"डोंगर तुमचा," तो म्हणाला. "माझी नळी सुलटी होती ना?"

"सुलटी होती."

"मग लिहा."

आमच्याकडे खाडाखोड चालायची नाही. एक आडवी रेघ मारायची, आद्याक्षरं टाकायची, आणि खाली नवं लिहायचं. मी लिहिलं: 'नळी ४ सुलटी. थरांच्या कडा तपासल्या. आधीच्या नोंदीतली चूक माझी. व. नाबर.' आणि कागद सरांपुढे ठेवला.

सरांनी तो दोनदा वाचला. "कोणाच्या परवानगीने उघडलीस?"

"मागायची विसरले, सर."

"विसरलीस."

"हो."

"हे खोड."

"एकदा खोडलंय, सर. पुन्हा खोडायला कागदावर जागा नाही."

माझा आवाज मलाच परका वाटला. सर कोट चढवून शीतखोलीत गेले. चाळीस मिनिटं आत होते. बाहेर आले तेव्हा नाक लाल झालेलं, पण डोळ्यांत एक नवीच चमक होती, आणि मी समजले की आत पडद्यांची मापं पुन्हा घेतली गेली आहेत.

"वसुधा, हे कोसळणं केवढं असेल गं? जगात मोठ्यात मोठं?"

"असू शकेल, सर."

"मार्ग उत्तरेकडून वळवायची शिफारस करू. मला पहिल्यापासून या उताराबद्दल शंका होतीच."

"कधी म्हणाला होतात, सर?"

"मनात," सर म्हणाले आणि कागदावर सही केली.

एक पन्नासला कुबलने सही केली, चावी लावली, विंच सुरू झालं. पाच तास दहा मिनिटं. त्याने माझ्याकडे बघून मान हलवली, इनासला हाक मारली आणि अठरा नंबरची नळी खाली सोडली. संध्याकाळी डेकवर पुन्हा कौलं की पत्रे सुरू झालं. मला वाटलं, संपलं. माझ्यासारखीला तेव्हा वाटायचं, खरं बाहेर आलं की संपतं.

जानेवारीत सर खुर्चीवर बसले. फेब्रुवारीत एक छोटी चौकशी झाली. कॅप्टनच्या वहीत 'काम बंद' लिहिलेलं होतं, आणि वहीत लिहिलेल्याला उत्तर द्यावंच लागतं. टेबलापलीकडे तिघं, आणि खिडकीशी सर, नुसते ऐकायला. मला दहा मिनिटांसाठी बोलावलं.

"कुबल यांनी विंच बंद केलं होतं?"

"हो."

"किती वेळ?"

"पाच तास दहा मिनिटं."

"सुरू करा असं सांगितल्यावर नकार दिला?"

"हो, पण—"

"हो की नाही, एवढंच सांगा."

सर खिडकीबाहेर बघत होते. माझा प्रबंध मार्चमध्ये जायचा होता. शीतखोलीच्या दारात उभी राहून जो हिशोब मी झिडकारला होता, तोच तिथे कुणी न विचारता पुन्हा पुढे आला.

"हो," मी म्हटलं.

त्या 'पण'च्या पुढचं वाक्य मी जिना उतरताना पुरं केलं. चांगलं झालं होतं वाक्य. ऐकायला जिना होता.

इनासची ऑर्डर निघाली. कुबलची निघाली नाही. पुढच्या सफरीला त्याचं नावही लिहिलं गेलं नाही. केबल उत्तरेकडून वळून गेली. त्या कोसळलेल्या उतारावर परदेशी नियतकालिकात लेख आला, पहिलं नाव सरांचं, दुसरं माझं. मी डॉक्टर झाले. व्याख्यानात थरांच्या कडांची गोष्ट सांगताना मी 'आमच्या असं लक्षात आलं' म्हणायला शिकले.

अठरा वर्षांनी आचऱ्याकडे किनाऱ्याच्या कामाला गेले होते, तेव्हा विचारत विचारत त्याच्या वाडीत पोचले. घरापुढच्या खळ्यात एका होडीचं इंजिन सुटं करून मांडलं होतं आणि कुबल मांडी घालून त्यातला पिस्टन पुसत होता. केस पांढरे झालेले, पीळ तोच. त्याने मला लगेच ओळखलं.

"या, डॉक्टरीणबाई. काय उलटलं?"

मी हसले आणि बसले. मग आधी ठरवून आलेलं सगळं सांगून टाकलं. ती चौकशी, ते तिघं, गिळलेलं ते 'पण'. तो पिस्टन पुसत ऐकत राहिला.

"त्यात काय एवढं," तो शेवटी म्हणाला. "त्यांनी विचारलं, विंच बंद केलं का. मी केलं होतंच. मलाही विचारलं, परत असं करणार का. मी म्हटलं, शेरा खोटा असेल तर करणार. त्यांनी तेवढंच लिहून घेतलं."

"तुम्ही असं म्हणालात?"

"शुद्ध भाषेत म्हणालो."

आतून त्याची बायको चहा घेऊन आली. ठेंगणी, हाताची कातडी जागोजागी चिरलेली, पदर खोचलेला. कप माझ्यापुढे ठेवून ती तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे नीट बघून घेतलं.

"त्या शेऱ्याच्या बाई तुम्हीच?"

"मीच."

"अक्षर चांगलं होतं म्हणाले होते."

मी कप हातात घेतला. "वहिनी," मी म्हटलं, "त्या सफरीत आम्हा सगळ्यांना काही ना काही मिळालं. सरांना, मला, इनासला. किंमत मोजली ती एकट्या कुबलांनी. हे मला कुणाजवळ तरी बोलायचं होतं."

"ह्यांनी?" तिने नवऱ्याकडे बघितलं. तो पिस्टनमध्ये एकदम गढून गेला. "ह्यांनी काय मोजलं? हे ताठ मानेनं आले नि खळ्यात बसले. दोन वर्षं नुसते बसलेच होते. मग इंजिनं धरली."

"मग तुम्हाला राग नाही आला? एक सही तर करायची होती."

मासळीचा भाव अर्ध्यावर पाडून मागणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघावं तसं तिने माझ्याकडे बघितलं. "न केलेली चूक केली म्हणून लिहून देऊन घरी आले असते, तर ह्या दारातून आत घेतलं नसतं मी. नोकरी घेऊन आले असते तरी."

कुबलने मान वर केली नाही, पण त्याचा हात थांबला होता.

"पण हिशोबच मांडायला आलात ना, तर नीट मांडा," ती म्हणाली. "सहा वर्षं कारखान्यात कोळंबी सोलली, बर्फातली. अकरा वर्षं झाली, शाळेत दोनशे पोरांची खिचडी शिजवते. दोन मुलांची शिक्षणं, सासूचं आजारपण, आणि हे वरचं छप्पर. ते सगळं मी भरलंय. ते ह्यांच्या नावावर घालू नका."